मोहाखालचा धूर

रूपेशला धूर पाहिजे होता. पहाटेचा उजेड आणि मोहफुलं वेचणाऱ्या बायका, एवढ्यानं त्याचं भागत नव्हतं. फ्रेम रिकामी वाटते म्हणाला.

त्याचं ऑफिस गोंदियात. बचत गटांच्या मालाला मोबाइलवरून गिऱ्हाईक मिळवून द्यायचं काम त्याला कुठल्याशा योजनेतून मिळालं होतं. इटियाडोहकडच्या जंगलपट्टीतल्या दुर्पता मडावीचा गट मोहाचे लाडू करतो, तो त्याच्या वाट्याला आला. लाडू त्यानं चाखला तो अर्धा. बाकी वेळ गटासाठी काढलेल्या पेजवर किती माणसं आली तेच पाहत होता.

या गावात मोहाचं प्रत्येक झाड कोण्या ना कोण्या घराचं. कागदावर ते कोणाचंही असो, दुसरा त्याखालचं फूल उचलत नाही. वेचणं सोपं जावं म्हणून लोक खालचा पाला पेटवून द्यायचे आणि जंगलाला वणवा लागायचा. म्हणून ग्रामसभेनं ठराव केला: ज्याच्या झाडाखाली आग, त्याचं झाड त्या हंगामापुरतं गावाचं. हा ठराव दुर्पतानं भांडून भांडून करवून घेतला होता. ती खराट्यानं झाडते, कंबर मोडली तरी झाडते, पण काडी ओढत नाही.

तिच्याच झाडाखाली या माणसानं लायटर लावला.

ती टोपली घेऊन पलीकडं गेली होती. वळून पाहते तर पाला पेटलेला आणि हा जमिनीवर आडवा पडून शूटिंग करतोय. तिनं खराट्यानं आग झोडपली, पायानं तुडवली आणि रूपेशच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो हसत होता. म्हणे, दो मिनिट का तो काम है मावशी. आग विझली. तिला वाटलं, विषय संपला.

रील आली त्यात ना लायटर होता, ना खराटा. नुसता धूर, धुरात वाकलेली दुर्पता, मागं बासरी. खाली प्रश्न: परंपरा की जंगलाचा नाश? कमेंट करा. मग काय, एसीत बसून जंगल वाचवणारे धावलेच. यांना जेलात टाका. फुकटचं खाऊन माजले. रूपेशनं त्या एकेकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. गटाची सचिव संध्या हिनं फोन केला तर तो म्हणाला, शिव्या म्हणजेसुद्धा एंगेजमेंटच असते ताई, पेज वाढून राहिलं ना.

वाढलं. गावातही पोहोचलं. ग्रामसभेचे अध्यक्ष बिसराम दुर्पताच्या अंगणात आले, पाणी प्याले आणि म्हणाले की झाड सोडावं लागेल, ठराव तुझाच आहे. मी लावली नाही, ती म्हणाली. दिसते तर तूच, ते म्हणाले. सभेपर्यंत तिनं झाडाखाली जायचं नाही असं ठरलं. ऐन हंगामात तिची फुलं मातीत पडून राहिली.

संध्याचं म्हणणं, रील काढून टाकायला लावू. दुर्पता भडकली.

"काढाले कायले लावतं वो? काढली त चोर मीच ठरन. त्यानं जे कापलं ते पाहिजे मले."

दोघी बसनं गोंदियाला गेल्या. रूपेशनं चहा मागवला. कापलेलं टाकलं तर ब्रँड खराब होईल, त्यात शिव्या आहेत, हे त्यानं गोड आवाजात समजावलं. दुर्पतानं चहाला हात लावला नाही. बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि ज्या दुकानदाराला हा माणूस जाहिरातीसाठी गळाला लावत होता, तो तिथं वाट पाहत होता, त्याला सगळं सांगितलं. भैय्यालाल साडीवाले ऐकून उठले आणि निघून गेले. दुसरा आला. त्यालाही सांगितलं. तोही गेल्यावर रूपेशनं घाईघाईनं पूर्ण व्हिडिओ टाकला, लायटरसकट.

सभेत तो सगळ्यांनी पाहिला. बिसरामांनी झाड परत दिलं. आग लागली त्याच दिवशी येऊन सांगायचं होतं, असंही सुनावलं. तिनं ऐकून घेतलं. ते बरोबर होतं.

आणि तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त पळाला. मावशी, आणखी एक शिवी. मावशी, माझ्या बॉसला पण झोडपा. तिचं ओरडणारं तोंड कापून लोकांनी कशाकशावर चिकटवलं. लाडवाचं एकानंही विचारलं नाही.

मग रूपेशचा फोन आला. जणू काही झालंच नव्हतं. लोकांना तुमचा राग आवडून राहिला मावशी, दर रविवारी एक करू, विषय मी देतो.

दुर्पताला ओरडायचं होतं. पण हा फोनवरचं बोलणंही रेकॉर्ड करत असेल, उद्या तेही टाकेल, म्हणून आवाज दाबून बोलली.

"माहं तोंड काढ तेथून. आमचं पेज आमाले दे. नाईत मी पुन्हा येऊन बसन तुह्या दारात."

"पेज तो हमारे नाम पे है मावशी," रूपेश म्हणाला. "आप आओ ना. मैं कॅमेरा रेडी रखता हूँ."

तिनं फोन कापला. गटातल्या बायकांना बोलावलं, लाडवांची पाकिटं बाहेर काढली आणि त्यावर छापलेला पेजचा पत्ता काळ्या शाईनं खोडायला बसली. एकीनं विचारलं, मग गिऱ्हाईक येईल कुठून?

दुर्पताला ते माहीत नव्हतं. तिनं पुढचं पाकीट ओढलं.