परक्या ग्रहावरची हवा

"अगं, शरयूला सिनेमाला नेऊ नकोस, ती सगळं डोक्यात घेऊन बसते," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. एकोणऐंशी साली अंतराळयानाचा एक इंग्रजी सिनेमा सांगलीत लागला होता. यानातून उतरण्याआधी कॅप्टन परक्या ग्रहावरची हवा तपासतो, ते माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं, शरयूनं, श्वास रोखून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हरिपूरला गेलो. तिथं जमिनीखालच्या खोल पेवांत आमची हळद साठवलेली असते. ह्यांनी नुकतंच एका पेवाचं तोंड उघडलं होतं. बंद पेवातली हवा जीवघेणी असते, म्हणून आधी आत कंदील सोडतात. तो विझला तर कोणी उतरत नाही.

मी पाणी प्यायला वळले आणि शरयूची बडबड थांबली. पाहते तर डोक्यावर पातेलं घालून, पाय आत सोडून ती पेवाच्या काठावर बसलेली.

धावले असते तर ती दचकली असती. मी जागेवरूनच म्हटलं, "कॅप्टन, हवा तपासली का?"

"अय्या, राहिलंच की!" म्हणत तिनं पाय वर घेतले.

तिला कडेवर घट्ट धरून मी ह्यांना कंदील सोडायला लावला. तो अर्ध्यावरच विझला.

"आई, यान परत फिरवू या," ती माझ्या कानात म्हणाली.

तुमचं पोर खेळता खेळता आत्ता गप्प झालं असेल, तर हे खाली ठेवा आणि आधी त्याला बघून या.