पिंपातले डावे

भाऊजींनी कार्यक्षमतेचं कुठलंसं शिबिर केलं आणि आमच्या कारखान्याचं भाग्य उजळलं, असं निदान त्यांना तरी वाटलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. हातात घड्याळ घेऊन ते काम करणाऱ्यांच्या पाठीमागे उभे राहू लागले. चहाचे कप लहान झाले, जिन्यातला दिवा गेला आणि भिंतीवर पाटी आली: 'वेळ वाया घालवू नका'. ती पाटी सरळ लावण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली.

आम्ही वेल्डिंगवाल्यांसाठी जाड कातड्याचे हातमोजे बनवतो. माझा नवरा कातडं कापायचा, मी शिवायचे. तो गेला. त्याच्या टेबलावर आता दुसरा माणूस कापतो. माझ्याशी बोलताना मात्र सगळ्यांचे आवाज मऊ होतात, आणि त्या मऊ आवाजांची मला मनस्वी चीड आहे.

त्या दिवशी भाऊजी तसंच मऊ बोलले. "वहिनी, तुम्ही आता आराम करा. कोपऱ्यातलं तुमचं मशीन काढलं की वीज वाचेल, जागाही मोकळी होईल."

"मी दमलेय असं कोण म्हणालं?"

"तसं नाही हो. पण आता दादा नाही, तर तुम्ही एकट्या इथे काय करणार?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. कारखाना त्यांनी उभा केलेला, शेवटचा शब्दही त्यांचाच. ते खाली बघत म्हणाले, "घरी बस, सूनबाई. तुला काही कमी पडू देणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला कमी काहीच पडत नव्हतं, मीच नकोशी झाले होते. त्या मशीनवर माझं तारुण्य गेलं, आणि हे मला गादीवर बसवून पोसायला निघाले होते!

"बचतच करायचीय ना, भाऊजी? थांबा."

मागच्या दाराशी एक पिंप असतं. सासऱ्यांचा नियम आहे: जोड मोडायची नाही. एका कातड्यातून कापलेली जोडी विकायची तर एकत्र, टाकायची तर एकत्र. उजव्याची शिवण फसली की त्याच्यासोबत धडधाकट डावाही पिंपात. रंगात केसाएवढा फरक दिसला तरी गिऱ्हाईक नावं ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. चहाचे घोट मोजणारे भाऊजी रोज त्या पिंपाला वळसा घालून जायचे, पण वडिलांच्या नियमापुढे ब्र काढायचे नाहीत.

मी पिंप फरफटत आणलं आणि भाऊजींच्या टेबलावर, त्यांच्या रंगीत तक्त्यांवर, उपडं केलं.

"अगं, काय हे!" सासरे ओरडले.

"हा तुमचा कचरा. बघा तरी एकदा."

तेवढ्यात दारात पलीकडच्या दुकानातला वेल्डर येऊन उभा राहिला. तो अधूनमधून येतोच. त्याचा डावा हात जाळाजवळ असतो, म्हणून डावा मोजा आधी जळतो. तो एक सुटा डावा मागतो, आणि सासरे त्याला वाटेला लावतात.

मी ढिगातून एक डावा काढून त्याच्याकडे फेकला. त्याने तो चढवला, मूठ वळून बघितली. "फक्कड!"

"तुमच्या उजव्याशी रंग जुळत नाही हं."

तो हसला. "ताई, संध्याकाळपर्यंत काळाच होणार आहे तो!"

"तो जोडीतला आहे," सासरे पुढे येत म्हणाले. "त्याची जोडी गेली. असा सुटा द्यायचा नसतो."

"जोडी गेली, बाबा. हा कुठे गेलाय?" माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "याची शिवण बघा, अंगठा बघा. कुठे बिघडलाय ते दाखवा. आणि माझ्यातही काय बिघडलंय ते दाखवा. माझी एक शिवण उसवलेली दाखवा, मी आत्ता घरी जाते. पण माझा माणूस गेला म्हणून त्याच्यामागे मलाही पिंपात टाकणार असाल, तर मी जाणार नाही. तुम्ही हात धरून काढलंत तरी जाणार नाही."

सासऱ्यांनी ढिगातला एक मोजा उचलला, उलटा केला आणि नव्या मालाची शिवण तपासावी तसं शिवणीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग तो सुलटा करून टेबलाच्या स्वच्छ कडेला ठेवला आणि दुसरा उचलला.

"मग वहिनींच्या मशीनचं काय करायचं, बाबा?" भाऊजींनी चाचरत विचारलं.

मी तोवर जाऊन बसले होते. उत्तरासाठी खोळंबायला मला वेळ नव्हता. पाटी भाऊजींनीच लावली होती. मी मशीन चालू केलं.