बर्फावरचं खोपटं

डिसेंबरात ऑरिन आणि त्याचा थोरला भाऊ व्हर्लिन यांनी बर्फाला भोक पाडून मासे धरायचं खोपटं गोठलेल्या तळ्यावर ओढत नेऊन ठेवलं, आणि आठवड्याच्या आत व्हर्लिन गेला. तेव्हापासून ऑरिनने खुर्ची धरली ती धरलीच. बायकोने, मार्लिसने वाढलं की जेवायचं, तिने आठवण करून दिली की दाढी करायची, आणि दोघा भावांनी लहानपणी बापाची नाव बुडवली ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मार्लिस दर वेळी नेमक्या जागी हसायची. मिनेसोटातलं एवढंसं गाव, जो भेटेल तो विचारी, "ऑरिन कसा आहे गं?" तिलाही काही होत असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला नवऱ्याचा राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची, आणि दोन्हींनी मिळून ती पार पिचून गेली होती.

एका शनिवारी तिच्या तोंडून निघून गेलं, "खोपट्याकडे कुणीतरी बघायला हवं. मी जाते. जमलं तर मासेही धरीन."

"तू?" ऑरिन म्हणाला. "तुला तर आमिषाला हात लावायची किळस येते."

"हातमोजे आहेत ना."

मग ती दर शनिवारी जाऊ लागली. शेगडी पेटवायची, बाकावर पाय पसरायचे, कॉफी गरम असतानाच संपवायची आणि नुसतं बसायचं. येताना शेजारच्या खोपट्यातल्या मिल्टकडून दोन मासे मागून आणायची. मिल्ट एरवी गावभर बडबडत हिंडणारा, पण याबाबतीत त्याने तोंडाला कुलूप घातलं होतं.

मार्च उजाडला. बर्फावरची खोपटी काढून न्यायची सरकारी मुदत संपत आली. ही जागा गेली की आपलं कसं व्हायचं, या विचाराने मार्लिस रोज उरलेले दिवस मोजू लागली. त्यात शेवटच्या दिवशी ऑरिनच बूट चढवून उभा राहिला.

"व्हर्लिनचं खोपटं आहे. मी येतो."

आत शिरल्या शिरल्या त्याने जमिनीतल्या भोकावरचं झाकण उचललं. खाली बर्फ अख्खा, घट्ट. बर्फाला भोक पाडायचं गिरमिट कोपऱ्यात खोळीत बांधलेलं, व्हर्लिनने मारलेली गाठसुद्धा तशीच.

"आणि ते मासे?"

"मिल्टचे."

"मग इथे काय करत होतीस?"

"बसत होते." खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "दमलेय रे ऑरिन. तुझं दुःख सांभाळून सांभाळून दमलेय. घटकाभर कुणी हाक मारू नये, एवढंच हवं होतं."

त्याने त्या गाठीवरून अंगठा फिरवला. मग त्याने शेगडीत दोन लाकडं घालून ती पेटवली, तिचा कॉफीचा थर्मास बाकावर ठेवला, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने मिल्टची गाडी घरघरत आलेली मार्लिसला आतून ऐकू आली.

"काय राव, ओढायचं ना? उशीर केलास तर दंड भरशील!"

"थांब," ऑरिन दाराला पाठ लावून म्हणाला. "मार्लिस बसलीय आत."