कोंडीरामबाबांच्या गळ्यातला टॅग

मित्रांनो, मी एक जुना टॅग आहे. कोळवणच्या एका घरात, दाराआडच्या खिळ्याला लटकलेला. बिस्किटाएवढा देह, अंगभर ओरखडे. माझ्या जातीचं नाव मात्र भारदस्त, अल्ट्रा-वाइडबँड. भिंतीवरचा डबा रेडिओलहरींनी हाक मारायचा आणि मी ओ द्यायचो. ओ परत यायला किती वेळ लागला, त्यावरून माझं अंतर कळायचं. फार तर वीतभर चूक! त्याचा मला केवढा तोरा होता.

कोंडीरामबाबांना विसर पडू लागला, तेव्हा त्यांच्या नातीने, प्रियंकाने, मला आणून त्यांच्या गळ्यात घातलं. ते अंगणाबाहेर पडले की तिच्या आईचा, म्हणजे बाबांच्या सुनेचा, कल्पनाताईचा, फोन वाजणार होता. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

त्याआधी कल्पनाताई काम करता करता सारखी हाक मारायची, "मामा, हायसा न्हवं?" बाबा म्हणायचे, "ओ!" मी आलो आणि ती नुसता फोन बघू लागली. बाबा दिवसभर गप्प बसत. मी त्यांच्या छातीवरच होतो, त्यांचं एकटेपण मला कळत होतं. पण अंतराखेरीज मला काही सांगता येत नव्हतं.

एके दुपारी बाबांनी मला काढलं. "माणसाच्या गळ्यात घुंगरू बांधत्यात व्हय?" असं पुटपुटत त्यांनी मला गोठ्यातल्या वासराच्या गळ्यात बांधलं आणि ते निघून गेले. कल्पनाताईने फोन पाहिला. नऊ मीटर, म्हणजे गोठ्यात. ती निर्धास्त झाली. मी इमानेइतबारे ओ देत राहिलो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

धारेच्या वेळी ती गोठ्यात आली आणि मला बघून तशीच माघारी वळली. मग हाका मारत रानोमाळ धावली. अंधार पडता पडता ओढ्याकाठच्या झुडपांतून क्षीण आवाज आला, "ओ!" पाय मुरगळून बाबा चिखलात बसले होते.

ते म्हणाले, "किती दिसांनी हाक मारलीस गं."

ती ढसाढसा रडली. हे सारं तिनेच घरी सांगितलं, म्हणून मला कळलं. त्या दिवसापासून मी खिळ्यावर आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जरूर कामाला लावा. पण आपल्या माणसाला हाक मारणं आमच्यावर सोपवू नका.

आत्ताही कल्पनाताई हाक मारते आहे. ओसरीवरून ओ येतो आहे. माझी बॅटरी संपली आहे, नाहीतर मीही दिला असता.