गेटवरची फुंकणी

घाबरू नका, तुम्हाला फुंकायला लावणार नाही. आज मी नुसती बोलणार आहे, आणि तेही घाईघाईनं. कारण तिकडे एका घरात आता हीटर मोठा करायची वेळ होत आली आहे, आणि थंडी तर आज नुसती मी म्हणतेय.

कागदोपत्री माझं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण ते कुणाच्या जिभेवर बसलंच नाही. गाद्यांच्या कारखान्याच्या गेटवर मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शिवणखात्यातली एक मावशी म्हणाली, "अगं बाई, ही तर फुंकणी!" झालं. तेव्हापासून मी फुंकणी. चुलीशी असते ती वेगळी. तिच्यात फुंकलं की जाळ होतो, माझ्यात फुंकलं की आकडा येतो.

माझा जन्म एका चकचकीत खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं आणि जगातला एकच वायू ओळखायला शिकवलं. काहीही अर्धवट जळलं की तो निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासात तो सापडतो, म्हणून मला माणसांच्या तोंडाशी धरतात. पण तो आला कुठून, हे मला कळत नाही. विडीतून येवो, शेगडीतून येवो नाहीतर मोटारीच्या धुराड्यातून येवो, मला सगळा सारखाच. किती आहे तेवढं मी सांगते. हिरवा दिवा म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. पुढचं माणसांनी ठरवायचं, आणि ठरवून मोकळं होण्यात माणसांचा हात कोण धरणार!

मला विकत घेतलं ते मोठ्या बाईंनी, म्हणजे कारखान्याच्या मालकिणीनं. बाई मनानं वाईट नाहीत हो, उगाच कशाला खोटं बोलू? त्यांचे यजमान सिगारेटी ओढून ओढून, खोकून खोकून गेले. ते बाईंनी उशाशी बसून पाहिलं होतं. कारखान्यात विडी-काडीला बंदी पहिल्यापासूनच होती. जिथं तिथं फोम आणि कापूस, एक ठिणगी पडली तर राखसुद्धा हाती लागायची नाही. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण एके सकाळी बाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं, मला उंच धरलं आणि म्हणाल्या, "आजपासून घरीसुद्धा ओढायची नाही. ड्यूटी सुटली हे फुफ्फुसाला कळतं का?"

पॅकिंगमधले एक काका जरा फटकळ. ते म्हणाले, "बाई, गेटाच्या आत तुमचं राज्य, मान्य. पण गेटाबाहेरचा श्वास तरी आमचा ना?"

"तुमचाच," बाई म्हणाल्या, "पण तो बंद पडला की तुमच्या बायकोसमोर जाऊन मला उभं राहावं लागतं. गेल्या दोन वर्षांत किती घरी गेले मी, विचारा सुपरवायझरांना."

खरं सांगू, मलाही बाईंचंच पटलं. नियम साधा होता. रोज सकाळी गेटवर फुंकायचं. तीनदा लाल दिवा लागला की कामावरून कायमची सुट्टी.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. कितीतरी जणांनी खरोखरच सोडली. त्यातला एक फोम कापणारा गडी. पूर्वी तो इतकी ओढायचा की सगळे त्याला धुराडं म्हणायचे. हात मात्र सोन्याचा! फोमची पट्टी अशी कापायचा की जिथं बसवाल तिथं हवासुद्धा शिरायची नाही. त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि पाळली. पहिल्यांदा हिरवा दिवा लागला तेव्हा गेटवर टाळ्या पडल्या. "अरे धुराड्या, आता तुझं नाव बदलावं लागणार!" सुपरवायझर म्हणाले, आणि तो लहान पोरासारखा लाजला. त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

पण भटाला दिली ओसरी अन् भट हातपाय पसरी, तसं नियमाचं झालं. शनिवारी संध्याकाळी ओढून सोमवारपर्यंत श्वास साफ करून येणारे बहाद्दर निघाले. मग बाईंनी फर्मान काढलं, रविवारी घरोघर जाऊन तपासायचं. सुपरवायझर मला पिशवीत घालून दारोदार हिंडायला लागले. मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! बेल वाजली की घरात पळापळ. बाप पोराला डोळ्यानं दटावतोय, आणि सुपरवायझर त्याच पोराला गोडीगुलाबीनं विचारताहेत, "खरं सांग हं बाळा, बाबा घरी ओढतात का?" कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा सांगायला लागला, कोण काय घेऊन गेलं ते. पुढे दारूचं विचारणं सुरू झालं, मग रात्री किती वाजता झोपता याचं. माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागली. मला पाहिलं की हसणारं माणूसही तोंड मिटून घ्यायचं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. सुपरवायझरांनी स्वतः माझ्यात कधी फुंकलं नाही. ऑफिसातल्या लोकांना नियम नव्हता. त्यांच्या खिशात लवंगा असायच्या आणि पिशवीच्या तळाशी, माझ्याच शेजारी, सिगारेटचं पाकीट. बायकोला सांगितलं होतं, केव्हाच सोडली म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

थंडी पडली आणि एका सकाळी धुराड्याच्या फुंकरीला लाल दिवा लागला.

"शप्पथ साहेब, हातसुद्धा लावला नाही!" तो म्हणाला.

"अरे, यंत्र खोटं बोलतं का?"

मी खोटं बोलले नव्हते. तो वायू त्याच्या श्वासात होताच. पण विडीचा नव्हता, हे आता मला ठाऊक आहे. माझ्यापाशी एवढंच होतं, एक दिवा आणि एक आकडा. त्यात "पण" हा शब्द कुठून आणू?

धुराडं घरी गेलं आणि नवरा-बायको विचार करत बसले. हे मला पुढे वहिनींच्याच, म्हणजे त्याच्या बायकोच्याच, तोंडून कळलं. त्यांच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, निवृत्त ड्रायव्हर. ते खिडकीत बसून विड्या ओढतात. वहिनी म्हणाल्या, "त्यांचाच धूर आपल्या खिडकीतून आत येतोय. दुसरं काय असणार?" म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली, दिवसासुद्धा. खोलीत गॅसवरचा एक जुना हीटर होता. थंडीच्या दिवसांत तो चालूच असायचा. त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तो काय विडी ओढतो?

काही दिवसांनी पुन्हा लाल. आकडा आधीपेक्षा मोठा.

आता मात्र धुराड्याचं तोंड पांढरंफटक पडलं. त्याचं डोकं रोज ठणकत होतं, मळमळत होतं, कापताना हात चुकत होता. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, "सोडल्यावर असं होतंच. सहन करायचं." सुपरवायझर हळूच म्हणाले, "पुन्हा लाल आला तर माझ्या हातात काही नाही रे बाबा. बाई ऐकायच्या नाहीत."

मग धुराड्यानं कारखान्यातून फोमचे तुकडे मागून नेले आणि आपली सगळी कारागिरी घरी पणाला लावली. खिडकीच्या फटी, दाराखालची फट, वरचा झरोका, भिंतीतून पाइप येतो ती जागा. प्रत्येक ठिकाणी मापात कापून पट्टी बसवली. वरच्या आजोबांकडे जाऊन वहिनी भांडूनही आल्या. आजोबा बिचारे भले. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या नवऱ्याच्या पोटावर पाय येतोय म्हणतेस, तर नाही ओढत मी खिडकीत." त्यांनी शब्द पाळला. वरून यायचा धूर थांबला, तरी खालच्या माणसांची डोकी ठणकतच राहिली. साप समजून भुई धोपटणं चाललं होतं, आणि साप होता खोलीत उबेला.

आज दुपारी सुपरवायझर मला घेऊन त्यांच्या घरी गेले. दार उघडलं तेच मुळी फोम घासत, कष्टानं. आत गेल्याबरोबर दार पुन्हा घट्ट लागलं. खोली छान उबदार, नीटनेटकी. कोपऱ्यात हीटर चालू. निळ्या ज्योतीचं टोक पिवळं पडलेलं. लेक पांघरूण घेऊन झोपली होती. "दोन दिवस शाळेत गेली नाही," वहिनी म्हणाल्या, "डोकं दुखतंय म्हणते. नुसती झोपून असते."

धुराड्यानं फुंकलं. लाल.

तो मटकन खाली बसला. वहिनी मात्र पुढे आल्या आणि सुपरवायझरांच्या हातातून मला हिसकावून घेतलं. "आणा इकडे! मी जन्मात विडी ओढली नाही. बघू या मला काय म्हणते ही सटवी!"

त्यांनी फुंकलं. धुराड्यापेक्षाही मोठा आकडा आला. तो दिवसाचा कारखान्यात असायचा, त्या दिवसभर या खोलीत.

"वहिनी, तुम्हीपण?" सुपरवायझरांच्या तोंडून निघून गेलं.

आवाजानं लेक जागी झाली होती. तिला वाटलं काहीतरी खेळ आहे. "मला, मला!" म्हणत ती धडपडत आली, पाय तिचे ठरत नव्हते. नवी नळी लावून तिनं गाल फुगवून फुंकलं. एवढीशी फुंकर! आणि माझ्यावर जो आकडा आला, तसा गेटवर कुठल्याही बहाद्दरानं कधी आणला नव्हता. मी लाल दिवा लावला. मला शिट्टी वाजवता येते, तीही वाजवली. आणखी काय करू मी?

तिघं मोठी माणसं त्या आकड्याकडे बघत राहिली. वाटलं, आता कळेल. आता कुणीतरी म्हणेल, अरे, पोरीच्या श्वासात हे आलं कुठून?

सुपरवायझर हसायला लागले. "हात्तिच्या! यंत्रच बिघडलंय की! पोरीवर एवढा आकडा?"

"म्हणजे... आधीचंही खोटंच?" धुराड्यानं विचारलं.

"खोटंच असणार! उद्या नवं यंत्र काढतो. बाईंना मी सांगतो. तुझी नोकरी कुठं जात नाही."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. धुराड्यानं लेकीला उचलून घेतलं आणि तिचे मुके घेतले. इतक्या दिवसांत ते घर पहिल्यांदा हसलं. चहा झाला. कधी नव्हे ती माणसांनी माझ्यावर शंका घेतली, आणि तीही नेमकी आज. निघताना सुपरवायझर म्हणाले, "पण उद्या सकाळपर्यंत जपा हं. फट उघडी ठेवू नका. उगाच कुणाचा धूर नको."

"छे हो साहेब! आणि आज गारठाही आहे. हीटर जरा मोठाच ठेवते रात्रभर," वहिनी म्हणाल्या.

वाटेत सुपरवायझरांनी स्कूटर थांबवली, एक सिगारेट ओढली, लगेच दुसरी. लवंग चघळली. आता मी त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर आहे. पिशवीतून मला काढलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यात फुंकलं.

लाल दिवा. पाकीटभर सिगारेटी ओढणाऱ्या माणसाचा असतो तसा, अगदी बरोबर आकडा. त्या पोरीच्या आकड्याच्या निम्माही नाही.

त्यांना तो वाचता येतो. मी त्यांचा चेहरा पाहिला, हसू मावळलं होतं. आपण किती ओढतो हे एकट्या त्यांनाच ठाऊक आहे. मी बिघडलेली नाही, हेही या क्षणी जगात त्यांना एकट्यालाच कळू शकतं. त्यांचा हात फोनकडे गेलासुद्धा. चला, गेला! लावा फोन, साहेब!

तेवढ्यात त्यांची बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "हे काय, लाल? तुम्ही फुंकलंत? तुम्ही तर सोडलीय ना?"

फोनवरचा हात मागे आला.

"सोडलीच आहे ग," ते म्हणाले. "बिघडलंय हे. बघ ना, मलासुद्धा लाल दाखवतंय."

"मग ठेवून द्या ते. जेवायला बसा."

आता ते माझं झाकण उघडताहेत, सेल काढायला. सेल निघाला की माझं बोलणं संपलं. म्हणून तुम्हालाच सांगते, कुणी जवळपास असाल तर पळा. गाद्यांच्या कारखान्यातल्या धुराड्याचं घर विचारा, कुणीही दाखवेल. दार वाजवू नका, ते उठायचे नाहीत. सरळ खिडकी फोडा. पोर आत, हीटरजवळ झोप