पुण्याच्या हवेतलं वसतिगृह

आर्किटेक्ट अनुप सरांच्या अमरावतीच्या ऑफिसात एक भारी गंमत होती. बिल्डिंग अमरावतीची असो, अकोल्याची असो, की शेंदूरजनाघाटच्या एखाद्या संत्रा व्यापाऱ्याचं गोदाम असो, कॉम्प्युटरच्या लेखी सगळ्या पुण्यात उभ्या असायच्या.

झालं होतं असं, की इमारत कागदावर असतानाच ती किती तापेल, किती वीज खाईल, तिच्या सिमेंट-काचेपायी किती धूर, म्हणजे कार्बन, हवेत जाईल, हे सांगणारं सॉफ्टवेअर अनुप सर पुण्यात शिकून आले. पहिली फाइल तिथल्याच एका बंगल्याची केली. पुढं कोण डोकं लावतं! नवीन काम आलं की त्याच फाइलची कॉपी मारायची, नकाशा बदलायचा, नाव बदलायचं आणि बटण दाबायचं. हवा पुण्याची ती पुण्याचीच, आणि खोलीखोलीत एसी आहे असं धरलेलं तेही तसंच. पडद्यावर 'इमारत पास' असा हिरवा शेरा यायचा आणि ऑफिसात पेढे वाटले जायचे. मग खरी इमारत मे महिन्यात भट्टीसारखी तापली की लोक म्हणायचे, "यंदा ऊन भल्लं हाय बाप्पा!" बिचाऱ्या उन्हावर सगळं खपून जायचं.

ऑफिसातल्याच आचल तायडेनं ती हवा बदलली आणि भानगड सुरू झाली.

काम होतं अकोल्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं. रस्ता पश्चिमेला, म्हणून दर्शनी भागही पश्चिमेला, आणि दर्शनी भागाला वरपासून खालपर्यंत काच. आचलनं गाव अकोला केलं. अंदाजपत्रकात एसी कुठंच नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरमधलाही काढून टाकला. बटण दाबलं, आणि पडद्यावर पश्चिमेच्या सगळ्या खोल्या लालभडक झाल्या. उन्हाळ्यात त्यात दुपारी बसणं तर सोडाच, झोपायच्या वेळेलाही भिंतीला हात लावता येणार नव्हता. आचल स्वतः कॉलेजला असताना अशाच एका खोलीत राहिली होती. ओढणी भिजवून अंगावर घ्यायची आणि ती वाळली की पुन्हा उठायचं. तो लाल रंग पाहून तिच्या डोक्यात सणक गेली.

तिनं दोन दिवस खपून दुसरा नकाशा केला. पश्चिमेला विटांची जाड भिंत, पुढं व्हरांडा, उघडणाऱ्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीबाहेर कूलर ठेवायला कट्टा. तो घेऊन ती सरांकडे गेली.

सरांनी नकाशाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "आचल, हा हिरवा शेरा दाखवला तर संस्थेला देणगी भेटणार आहे. देणगीदाराला काच पाहिजे. काच नाही तर देणगी नाही, आणि देणगी नाही तर वसतिगृह नाही. मग त्या पोट्ट्या राहतील कुठं? भाड्याच्या टिनाखाली?"

"पण सर, हे टिनापेक्षा जास्त तापून राहिलं."

"जुनी फाइल उघड. परवा अकोल्याला मीटिंग आहे. रिपोर्ट तू केला, सही तुझी, मांडणार तू. नाही तर दुसरं ऑफिस पाहून ठेव."

अनुप सर काही राक्षस नव्हते हो. आचलला कॉलेजातून निघाल्याबरोबर त्यांनीच कामावर घेतलं होतं. म्हणूनच तिला जास्त झोंबलं. बाहेरच्या माणसानं दम दिला असता तर तिनं तिथल्या तिथं सुनावलं असतं.

संध्याकाळी वलगावला घरी आली ती तोंड पाडूनच. आई, इंदूबाई, भाजी निवडत होती. आचलनं सगळं सांगितलं. नोकरी जाईल हेही सांगितलं. घरात ती पहिलीच आर्किटेक्ट. दारावरची तिच्या नावाची पाटी बाबा रोज पुसायचे.

इंदूबाईंनी काड्या बाजूला केल्या. "हे पाय, नोकरी सोडून येशीन तं तुह्या बापाले मी समजावते. पण खोटी सही करून येशीन, तं थे त्याले तूच सांगजो. माह्याच्यानं नाई होत."

"तुले भेव नाई वाटत?"

"वाटते ना! काऊन नाई वाटणार? भेव वाटते म्हणून काय खोटं बोलाव लागते व?" इंदूबाई म्हणाल्या आणि भाजी धुवायला उठल्या.

मीटिंग संस्थेच्या नव्या कार्यालयात होती. तेही अनुप सरांनीच बांधलेलं, सगळं काचेचं. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आत मात्र एसीचा गारवा, कोल्ड्रिंक आणि काजू. अध्यक्ष शालिकराम भाऊ मधोमध बसले होते, आजूबाजूला संचालक, आणि टोकाला जुन्या वसतिगृहाच्या अधीक्षिका माया मॅडम.

"सांग बेटा," शालिकराम भाऊ म्हणाले. "हिरवा शेरा भेटला म्हणते ना?"

आचल उठली. पण ती लॅपटॉपकडे न जाता टेबलावरच्या रिमोटकडे गेली आणि तिनं एसी बंद केला.

"अवं, काऊन बंद केला?"

"भाऊ, पोट्ट्यांच्या खोल्यांत एसी नाही. तुमच्याच अंदाजपत्रकात नाही. म्हटलं, आपणही तसंच बसून पाहू."

अनुप सर दात-ओठ खात म्हणाले, "आचल, रिपोर्ट दाखव."

"दाखवते ना सर. तेच करून राहिली."

तिनं आधी हिरवा पडदा दाखवला. "ही पुण्याची हवा, खोलीखोलीत एसी." मग लाल दाखवला. "ही अकोल्याची, एसीशिवाय. इमारत तीच, काच तीच. आजवर आमच्या ऑफिसनं तुम्हाला पुण्याचंच दाखवलं. त्यात मीही होते."

कोणी तरी हसलं. पण ते हसू टिकलं नाही, कारण खोली तापायला लागली होती. काचेतून ऊन थेट टेबलावर आलं. एका संचालकानं कॉलर सैल केली, दुसऱ्यानं कोल्ड्रिंकची बाटली कपाळाला लावली. शालिकराम भाऊंच्या मानेवरून घाम ओघळला.

"अबे, खिडकी तरी उघडा कोणी!" ते ओरडले.

एक संचालक उठला. काचेवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि तसाच परत आला.

"उघडत नाही ती," आचल म्हणाली. "वसतिगृहालाही हीच काच लागणार आहे."

"मंग कूलर लावू ना! कूलरले काय होते?"

"लावा भाऊ. पण ठेवाल कुठं? खिडकीच नाही."

वऱ्हाडातल्या माणसाला कार्बनचं काही सांगा, तो मान हलवून पुढं जाईल. पण उन्हाळ्यात कूलर ठेवायला जागा नाही म्हटल्यावर त्याचा चेहराच उतरतो. स्वतःचं घर बांधताना देवघराआधी कूलरची जागा ठरवणारी माणसं ही, आणि पोरींच्या वसतिगृहाच्या वेळी ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं!

शालिकराम भाऊंनी रुमालानं तोंड पुसलं. "बरं बरं, समजलं. चालू कर आता थो एसी." त्यांनी रिमोटकडे हात नेला.

माया मॅडमनं तो आधीच उचलला होता. "थांबा भाऊ. आपल्याले बसून कितीसा वेळ झाला? माह्या पोट्ट्या तिथी अख्खा उन्हाळा काढतीन. हिचं बोलणं होऊ द्या."

अनुप सर ताडकन उठले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा पडद्यावरच्या खोल्यांइतकाच लाल झाला होता. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "आचल, तू उद्यापासून ऑफिसला येऊ नको!"

दारावरची पाटी, बाबा, वलगावचं घर, सगळं आचलच्या डोळ्यांपुढून गेलं. रडू येतंय असंही वाटलं. पण ते आलं नाही, आली ती चीड, आणि ती तिला फार बरी वाटली.

"उद्याचं उद्या पाहू सर," ती म्हणाली. "बसा. अजून दुसरा नकाशा दाखवायचा राहिला आहे."