दाण्यांना ऊन दाखवू नये

भिंगरीने कपात डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. आजही तेच! कॉफी कशी, मशीनमधून मधाच्या धारेसारखी सावकाश उतरायला हवी. ही मेली नळ सोडल्यासारखी भसाभसा आली होती. वर सोनेरी साय नाही की काही नाही. आणि चव? भिजलेला पुठ्ठा!

"काय म्हणतेय तुझी चक्की?" बाबांनी पेपराआडून विचारलं.

"चक्की नाही, ग्राइंडर!"

"हाताने फिरवायची ती चक्कीच. आंधळं दळतंय आणि बेसिन पितंय."

आई फस्सकन हसली. भिंगरीला मात्र हसू येईना, कारण रविवारी ताई येणार होती.

ताई कॉफीच्या दुकानात कामाला. दुसऱ्या गावी नवी नोकरी लागली तेव्हा ती आपलं मशीन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून गेली होती. पण जाताना अट घालून! "मी येईन तेव्हा मला शेवटच्या घोटापर्यंत प्यावासा वाटेल असा एक कप दे. दिलास तर मशीन तुझं. नाहीतर मी उचलून नेणार. माझ्या खोलीतली मैत्रीण डोळा ठेवूनच आहे त्याच्यावर."

भिंगरीने आजवर गाणं सोडलं होतं, स्केटिंग सोडलं होतं, चित्रकला तर रंग सुकायच्या आत सोडली होती. 'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण घरात तिचं टोपणनाव असल्यासारखी वापरली जायची. म्हणूनच या खेपेला तिने मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी ही गोष्ट तडीला न्यायची.

ग्राइंडरसुद्धा तिने ऐरागैरा घेतला नव्हता. दुकानात दोन होते. एक विजेवरचा, चकचकीत, बटण दाबलं की काम तमाम. दुसरा हाताचा, मिरपुडीच्या डब्याचा थोरला भाऊ शोभेल असा ओबडधोबड. भिंगरीने दोन्हींतून दाणे दळून घेतले आणि चिमटीत चोळून पाहिले. विजेवरच्यात धूळ आणि खडे एकत्र नांदत होते. शिवाय त्याच्या खाचा मोजक्याच, एका खाचेवर भरड आणि पुढच्या खाचेवर थेट पीठ. हाताच्याचं दळण एकसारखं होतं आणि दळण बारीक-भरड करायची त्याची कडी केसाएवढीसुद्धा सरकायची. "हाच!" तिने छाती पुढे काढून सांगितलं. बाबा म्हणाले, "एवढं विजेवरचं यंत्र असताना दंड मोडून घ्यायचे? कर बाई हौस."

आणि पहिल्या दिवशी कॉफी जमली होती की! अगदी फक्कड नाही, पण धार सावकाश उतरली होती, वर सायही धरली होती. भिंगरी घरभर नाचली होती. दुसऱ्या दिवशी त्याच कडीवर धार जरा पळाली. तिने कडी बारीक केली. तिसऱ्या दिवशी आणखी पळाली. पुन्हा बारीक. काल जमलेलं आज जमेना, आज जमलेलं उद्यासाठी कुचकामी! शाळेत फळ्यावर लिहिताना तिचा दंड ठणकायचा आणि घरी आलं की ये रे माझ्या मागल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा म्हणाले.

"अंगण खरंच वाकडं असलं तर?" भिंगरी ओरडली. पण आता तिलाही वाटू लागलं, आपलीच निवड फसली. दुकानदार शनिवारपर्यंत परत घेणार होता. शनिवारी तिने ग्राइंडर खोक्यात भरला, डोळे पुसले आणि सायकलची किल्ली शोधत गच्चीवर गेली.

गच्चीवर आजोबा उकिडवे बसले होते. समोर जुनी चादर, चादरीवर रणरणतं ऊन आणि उन्हात पसरलेले तिचे कॉफीचे दाणे! आजोबा त्यांच्यावरून मायेने हात फिरवत होते.

"आजोबाऽऽ! हे काय?"

"ऊन दाखवतोय. रोज दाखवतो, तू शाळेला गेलीस की." आजोबांचं सगळं आयुष्य धान्याच्या गोदामात गेलेलं. "दाण्यांच्या त्या पिशवीला चक्क भोक होतं गं! त्यातून कीड शिरली असती. म्हणून तर डब्यात काढले ना."

डब्यात काढले तेव्हा भिंगरीनेही पाहिलं होतं. घट्ट झाकणाचा डबा, मग काय बिघडलं, असं तिला वाटलं होतं. पण ऊन! रोज! वारा लागून दाण्यांतला सगळा जीव गच्चीवरून उडून गेला होता, म्हणूनच धार रोज जास्त पळत होती आणि ती बिचाऱ्या ग्राइंडरचे कान पिळत बसली होती.

"एक तरी किडा लागला का? सांग!" आजोबा अभिमानाने म्हणाले.

किडे कशाला येतील, आजोबा, त्यांनाही चव असते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं, खोकं उघडलं आणि ग्राइंडर पुन्हा ओट्यावर ठेवला. नवे दाणे आणावेत, तर भाजणाऱ्याचं दुकान सोमवारपर्यंत बंद!

रविवारी ताई आली. भिंगरीने कडी अगदी शेवटापर्यंत आवळली, दात-ओठ खात दळलं आणि कप पुढे केला. ताईने एक घोट घेतला. कप खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही.

"दाणे शिळे आहेत!" भिंगरी फुटलीच. "दळण माझं बरोबर आहे!"

"शिळे कोणी केले?"

आजोबा कोपऱ्यात शर्टाच्या टोकाने डब्याचं झाकण पुसत होते. भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माझ्याकडून उघडे राहिले."

"साफ खोटं!" आजोबा गरजले. "उघडे कसे राहतील? रोज ऊन दाखवलंय मी!"

ताई हसून हसून खुर्चीवर कलंडली. मग डोळे पुसत तिने उरलेलं दळण चिमटीत चोळलं. बराच वेळ चोळलं. "कप नापास," ती म्हणाली. "दळण मात्र आमच्या दुकानातल्यापेक्षा एकसारखं आहे. मशीन पुढच्या खेपेपर्यंत राहू दे. तेव्हा मात्र कप हवा." तिने पिशवीतून नवं पाकीट काढलं. "कालच भाजलेत."

भिंगरीने झडप घातली. ताईने पाकीट वर धरलं. "आठवडाभर हात लावायचा नाही. ताज्या दाण्यांतून वायू निघत असतो, आत्ता केलीस तर नुसता फेस येईल. ते भोक त्याच्यासाठीच असतं, आजोबा. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही."

"म्हणजे शिळे चालत नाहीत आणि ताजेही चालत नाहीत? ही कॉफी आहे की बाबांचा मूड?"

"ए!" पेपराआडून आवाज आला.

आजोबा पाकिटाकडे टक लावून पाहत होते. "ऊन नको, वारा नको, हात लावायचा नाही. मग मी दाण्यांसाठी करायचं तरी काय?"

"काही नाही! काही म्हणजे काहीच करायचं नाही!"

काही न करणं आजोबांना जन्मात जमलं नव्हतं. भिंगरीला तरी कुठे जमत होतं? पाकीट कपाटात गेलं. आजोबांनी कपाटासमोर खुर्ची ओढली आणि पहाऱ्याला बसले. भिंगरीने त्यांच्याशेजारी स्टूल टाकलं, रिकामा ग्राइंडर गुडघ्यांत धरला आणि चरफडत फिरवायला सुरुवात केली. गर्र, गर्र, गर्र.